शेजारचा ब्रेक

मास्तरांकडे गाडी शिकलेल्या कुणालाही विचारा, मास्तर कसे होते? माणूस आधी हसेल, मग त्याचा आवाज मऊ होईल, आणि मग तो तुम्हाला पाऊण तास सोडणार नाही. मोठ्या इस्पितळातल्या एका नर्सबाईंनी पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी फाटकाचा खांब आडवा केला होता. मास्तर खाली उतरले, खांबाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "तसाही वाकडाच होता तो. काही बिघडत नाही. परत सुरू करा." बाई पाच वेळा नापास झाल्या, सहाव्या वेळी पास झाल्या आणि पुढे वीस वर्षं रुग्णवाहिका चालवत राहिल्या. अजूनही रस्त्यात भेटल्या की मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहतात, आणि मागच्या माणसांचा खोळंबा होतो.

"काही बिघडत नाही. परत सुरू करा." वाक्य म्हणून त्यात काय आहे? पण मास्तरांनी ते एक्केचाळीस वर्षं म्हटलं आणि एकदाही कंटाळून म्हटलं नाही. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक रिवाज होता. खऱ्या परीक्षेआधी प्रत्येकाची सराव चाचणी व्हायची. तीस मुद्द्यांचा कागद, आणि तळाशी शेऱ्यासाठी एक ओळ. पास होणाऱ्याला नुसती सही. नापास होणाऱ्याच्या कागदावर मात्र त्या ओळीत मास्तर हिरव्या शाईने, स्वतःच्या हाताने हे वाक्य लिहून देत. लोकांनी ते नापासाचे कागद जपून ठेवलेत. एका न्हाव्याने तर चौकटीत घालून आरशाशेजारी टांगलाय. आता बोला!

असा माणूस जिला बाप म्हणून मिळाला तिचं नशीब केवढं, असं सगळे म्हणत. मास्तरांच्या मुलीच्या तोंडावर म्हणत. ती मान डोलवून हसत असे. दुसरं करणार काय?

तिला सगळे ताई म्हणतात. वय सत्तेचाळीस. मास्तर निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं झाली, स्कूल तीच चालवते. तीच गाडी, तोच कागद, तीच हिरवी शाई. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. घरात ती आणि तिची मुलगी. मास्तर दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात.

लहानपणी ताईची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारपाळीला असे. म्हणून शाळा सुटली की मास्तर मुलीला गाडीच्या मागच्या सीटवर बसवत. दप्तर मांडीवर आणि तोंडाला कुलूप. पुढे रोज वेगळी माणसं घाम गाळत बसलेली, कुणी जाडजूड, कुणी थरथरणारी, कुणी मोठ्या हुद्द्याची आणि म्हणूनच जास्त घाबरलेली. गाडी आचका देऊन बंद पडायची आणि शेजारच्या सीटवरून त्या वाक्याचा आवाज यायचा. खाली उतरणारा, शेवटी जरासा थांबणारा. ताई ती वाक्यं बोटांवर मोजायची. एका दुपारी तिने सतरा मोजली होती. मागे बसून तिला वाटायचं, आज एवढी वाटून टाकली बाबांनी, घरी गेल्यावर एखादं आपल्यालाही मिळेल.

घरी मिळायचं ते वेगळं. पेला कलंडला की, "डोळे कुठे होते?" बुटाची नाडी सुटली की, "लोक बघतात." एकदा तिने स्कूलच्या गाडीचं चित्र काढलं. दोन दिवस खपून, मागच्या काचेत स्वतःचं तोंडसुद्धा काढून ते बाबांसमोर धरलं. बाबांनी चष्मा लावला, कागद उजेडात नेला, बराच वेळ बघितला. तिच्या जिवात जीव राहिला नव्हता. "आरसा चुकीच्या जागी आहे," बाबा म्हणाले आणि कागद परत दिला. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधी चढलाच नाही, म्हणून तर तक्रार तरी कुणाकडे करायची!

अठराव्या वर्षी ती शिकायला बसली. पुढची सीट, हातात चाक, शेजारी बाबा. इतकी वर्षं जे मागून ऐकलं ते आज समोरून ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर तिला चुकण्याची घाईच झाली होती. बाजारपेठेच्या चढावर क्लच लवकर सुटला, गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. ताईने मान वळवून बाबांकडे बघितलं.

बाबांनी दार उघडलं. खाली उतरले. दार लावलं, नीट, आवाज न करता. आणि चालत निघून गेले.

मागे हॉर्न सुरू झाले. तिला गाडी चालवता येत नव्हती, चढावरून मागे सरकेल म्हणून ब्रेकवरचा पायही काढता येत नव्हता. ती तशीच बसून राहिली, पाऊण तास तरी. शेवटी एका ट्रकवाल्याला दया आली, त्याने गाडी कडेला लावून दिली. घरी पोचली तेव्हा बाबा पेपर वाचत होते. "परक्यांची मुलं चुकली तर त्यांचं नाव जातं," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "तू चुकलीस तर माझं जातं."

त्यानंतर ती स्कूलच्या मागच्या आवारात एकटीच शिकली. रोज सकाळी, शेकडो फेऱ्या. पहिल्याच परीक्षेत एकही गुण न गमावता पास झाली. तपासनीस म्हणाला, अशी परीक्षा मी पाहिली नाही. बाबा म्हणाले, "मान जरा जास्त वळते तुझी."

यातून जी बाई तयार झाली ती अशी. आजवर एक ओरखडा नाही, एक दंड नाही. टेबलाला पाय लागला तर टेबलाला सॉरी म्हणते. गाडीला कुलूप लावल्यावर तीनदा परत जाऊन बघते. कुणी कौतुक केलं तर मागे वळून बघते, नक्की कुणाबद्दल बोलणं चाललंय. आणि विद्यार्थ्यांची गाडी बंद पडली की हीच बाई इतक्या गोड आवाजात "काही बिघडत नाही" म्हणते, की जुने लोक म्हणतात, अगदी मास्तर!

आता तिच्या मुलीचं ऐका. मुलगी अठराची, तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. भिंगरी मास्तरांच्या मांडीवर वाढली. तिने मास्तरांचा चष्मा फोडला, मास्तर म्हणाले, "काही बिघडत नाही." गणितात आपटली, मास्तर म्हणाले, "परत सुरू कर." तिने काढलेल्या गाडीला सहा चाकं होती आणि आरसा नव्हताच. ते चित्र मास्तरांच्या कपाटाच्या दारावर आजही चिकटवलेलं आहे. ताई तिथे गेली की त्याकडे पाठ करून बसते.

भिंगरी गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा हसत बाहेर आली. "आई, मी पार्किंग केलं आणि तपासनीस म्हणाला, हे पार्किंग आहे की अपघात?" ताईला हसू आलं नाही. "आरशात बघितलं होतंस का?" तिने विचारलं. तिला ते विचारायचं नव्हतं. दुसरं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण ओठांपर्यंत पोचेस्तोवर त्याचं हे असं होऊन जायचं. दरवेळी. परक्यांना दिवसातून दहादा फुकट देणारी ती, स्वतःच्या पोरीसमोर तिची वाचा बसायची.

भिंगरीचं त्यावाचून अडलंही नाही. ते तिला आजोबांकडून पोतंभर मिळत होतं. पोरगी सरळ वाढली होती, कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून बोलायची, चूक झाली तर "चुकलं माझं" म्हणून पुढे जायची. हे कुठून आलं ते ताईला पक्कं ठाऊक होतं. त्याबद्दल बापाचे आभार मानावेत असं तिला वाटायचं आणि त्याच क्षणी अंगाचा तिळपापडही व्हायचा. पोटच्या पोरीचा हेवा वाटावा याहून लाजिरवाणं काय असेल? पण वाटत होता.

तर, परवाच्या मंगळवारी मास्तर स्कूलमध्ये आले आणि त्यांनी टेबलावर एक फॉर्म ठेवला. पंचाहत्तरी उलटली की परवाना नवा करताना मान्यताप्राप्त स्कूलचा दाखला लागतो. चाचणी घ्यायची, तोच तीस मुद्द्यांचा कागद भरायचा, खाली सही. गावात मान्यता असलेली स्कूल एकच.

"सही कर," मास्तर म्हणाले.

"चालवून दाखवावी लागेल, बाबा."

"मला?"

"नियम आहे."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. परवाना म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं हे तिला न सांगता कळत होतं. रोज संध्याकाळी ते भिंगरीला आपल्या छोट्या गाडीतून पोहण्याच्या तलावावर नेत आणि आणत. जाताना बारा मिनिटं, येताना बारा. उरलेला दिवस ते त्या चोवीस मिनिटांच्या आशेवर काढत. आणि त्या चोवीस मिनिटांत शेजारच्या सीटवर ताईची एकुलती एक मुलगी बसलेली असे.

त्या छोट्या गाडीचा पुढचा बंपर हल्ली चेपलेला होता. ताईने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं." भिंगरी तेव्हा स्वतःच्या नखांकडे बघत होती.

"शुक्रवारी दहाला या," ताई म्हणाली.

शुक्रवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत आले. भिंगरी कॉलेज बुडवून आली आणि विचारायच्या आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली. मास्तर चालकाच्या बाजूने आत शिरले आणि ताई शेजारच्या सीटवर बसली. ती सीट एक्केचाळीस वर्षं मास्तरांची होती. तिच्या पायाशी दोनच पेडल, डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. ॲक्सिलरेटर फक्त चालकाकडे. शिकवणाऱ्याला पळायचं नसतं, थांबवायचं असतं, असं मास्तर नव्या विद्यार्थ्यांना हसून सांगत.

गाडी निघाली आणि ताई थक्क झाली. किती सुंदर चालवत होते! चढावर गाडी केसभरही मागे आली नाही. वळणावर चाक त्यांच्या हातातून असं सरकत होतं की जणू रस्ताच वळतोय. ताई कागदावर खुणा करत गेली. पाच, दहा, पंधरा. आपण तळाशी सही करताना ते काहीतरी म्हणतील असा खुळा विचार तिच्या मनात आला. 'नीट घेतलीस परीक्षा', एवढं म्हणाले तरी पुष्कळ. सत्तेचाळिसाव्या वर्षीही तिचं हे खूळ गेलं नव्हतं. अठ्ठावीस मुद्दे झाले. एकही चूक नाही.

एकोणतिसावा मुद्दा पायी जाणाऱ्यांसाठी थांबण्याचा. बेकरीसमोरच्या पट्ट्यांवर एक म्हातारी बाई चाकाची पिशवी ओढत रस्ता ओलांडत होती. मास्तरांनी तिला पाहिलं. वेळेत पाहिलं, ताईने त्यांची मान हललेली बघितली. त्यांनी पाय उचलला आणि सगळ्यात उजवीकडचं पेडल पूर्ण दाबलं.

गाडी उसळून पुढे गेली.

एक्केचाळीस वर्षं त्या माणसाचा पाय शेजारच्या सीटवर बसून थांबवायला शिकला होता, आणि तिथे उजवीकडे ब्रेक असतो. वय झालं की पाय नवं विसरतो आणि जुनं आठवतो. मास्तर जिवाच्या आकांताने थांबवत होते, आणि जितके जोरात थांबवत होते तितकी गाडी पळत होती.

ताईने दोन्ही पेडल एकदम दाबली. टायर किंचाळले. इंजिन गाडीच्या पोटात गुरगुरत राहिलं, कारण मास्तरांचा पाय अजून तिथेच होता. मग तो हळूच उचलला गेला. म्हातारी बंपरपासून हातभर अंतरावर उभी होती. तिची पिशवी आडवी झाली होती आणि पाव रस्त्यावर घरंगळले होते. तिने वाकून ते एकेक करून गोळा केले, गाडीकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि गेली.

 मास्तरांचे हात अजून चाकावरच होते. त्यांनी मान वळवून ताईकडे बघितलं. हे तोंड ताईने शेकडो वेळा पाहिलेलं होतं. गाडी बंद पडल्यावर विद्यार्थी असंच बघतो. ती स्वतःही एकदा असंच बघत होती.

मागून भिंगरी पुढे वाकली, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. "काही बिघडत नाही, आजोबा," ती म्हणाली. तोच आवाज, खाली उतरणारा. "कुणाला लागलं नाही. दोन मिनिटं बसा."

पण मास्तर ताईकडेच बघत होते.  म्हण, ताईने स्वतःला सांगितलं, अगं, म्हण ना! तेवढ्यात मास्तरांनी नजर समोर वळवली. थरथरणारे हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले आणि शिकवणाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "ब्रेक उशिरा दाबलास. अर्धा सेकंद."

सॉरी बाबा, असं तिच्या तोंडून आपसूक निघालं असतं. आयुष्यभर निघत आलं होतं. आज निघालं नाही. "सरका," ती म्हणाली. "मी चालवते."

दोघांनी जागा बदलल्या. मागे तोवर चार गाड्या साठल्या होत्या. ताईने चावी फिरवली, गियर टाकला, क्लच सोडला. तो लवकर सुटला, तेव्हासारखाच. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

एकोणतीस वर्षांनी पहिल्यांदा.

मागे हॉर्न सुरू झाले. आणि ताईला न बघताच कळलं की शेजारी काय होणार आहे. दार उघडलं. मास्तर उतरले. दार लागलं, नीट, आवाज न करता. इस्त्रीचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. ते फुटपाथवरून चालू लागले.

"आजोबा!" भिंगरीने हाक मारली, मग आईकडे वळली. "आई, काही बिघडत नाही. परत सुरू कर. मी जाते त्यांच्यासोबत, ते पडतील कुठेतरी." आणि दार उघडून ती पळालीसुद्धा. तिला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, तिला दिसत होता फक्त एक म्हातारा माणूस, जो काठीशिवाय निघाला होता. ज्याला भरभरून मिळालेलं असतं त्याला इतकं सोपं असतं हे.

ताई गाडीत एकटी राहिली. वाक्य अखेर तिला मिळालं होतं, अगदी त्याच आवाजात, पण दुसऱ्याच पत्त्यावरून आलं होतं. हॉर्न वाजत होते. तिने गाडी सुरू केली. सुरू तर करावीच लागते.

दुपारी भिंगरी घरी आली, आईसमोर बसली आणि म्हणाली, "आधी दोनदा झालंय असं. एकदा आजोबांच्या गॅरेजच्या भिंतीवर, एकदा तलावाच्या फाटकावर. मी तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"का नाही सांगितलंस?"

"तू त्यांना सोडलं नसतंस."

 भिंगरीने आईच्या हातावर हात ठेवला. "आजोबा वाटेत सारखं एकच म्हणत होते. तुझी आई नसती तर ती बाई आज गेली असती. तिच्या पायासारखा पाय माझ्या एकाही विद्यार्थ्याचा नाही. मी म्हटलं, मग तिला सांगा ना. तर म्हणाले, तिला सांगायचं असतं होय? तिला माहीतच आहे."

ताई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. माहीतच आहे! सत्तेचाळीस वर्षं ज्या घोटभर पाण्यासाठी जीव तळमळला, ते घरातच होतं, आणि द्यायची गरज वाटली नाही, कारण तहान लागली असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. तिला रडू आलं नाही. राग आला, असा राग की तिचे कान गरम झाले. नळ बंद करून ती बाहेर आली आणि कागद पुरा करायला बसली. एकोणतिसाव्या मुद्द्यासमोर फुली. त्या फुलीनंतर बाकीच्या अठ्ठावीस खुणांना अर्थ नसतो. तिने 'नापास' लिहिलं, सही केली.

शनिवारी सकाळी नऊला मास्तर स्कूलमध्ये आले. भिंगरीही होती, पुढच्या आठवड्यातल्या तिसऱ्या परीक्षेचे कागद घ्यायला आलेली. मास्तर विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसले. ताईने कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी चष्मा लावला. वरून खाली एकेक खूण वाचत आले. 'नापास' वाचलं आणि मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या हातात असतं तर मीही हेच केलं असतं." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. गाडीची चावी त्यांनी खिशातून काढून आधीच टेबलावर ठेवली होती. मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि शेऱ्याच्या ओळीवर थांबलं.

"ओळ रिकामी आहे."

"हो."

"नापास होणाऱ्या सगळ्यांना लिहितेस ना?"

"सगळ्यांना लिहिते."

 टेबलावर हिरव्या शाईचं पेन पडलं होतं. मास्तरांनी ते एका बोटाने तिच्याकडे ढकललं. मागितलं नाही, नुसतं ढकललं. आणि चष्म्याआडून तिच्याकडे बघू लागले. कालच्यासारखेच.

ताईने पेन उचललं. कागदावर टेकवलं. एक हिरवा ठिपका उमटला. सहा शब्द तर होते. हाताला इतके सवयीचे की डोळे मिटून लिहिता आले असते. ती ठिपक्याकडे बघत राहिली आणि तिला बाजारपेठेचा चढ आठवला, ब्रेकवर ठेवून बधिर झालेला पाय आठवला, दोन दिवस खपून काढलेलं चित्र आठवलं. ठिपका मोठा होत गेला. तिने पेन खाली ठेवलं.

"ही ओळ तुम्ही परक्यांसाठी ठेवली होती, बाबा."

 मास्तरांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी त्यांची चूक दाखवली होती, आणि ती दुरुस्त करायला आता ना गाडी होती ना वेळ.

"आणा इकडे, मी लिहिते," भिंगरी पुढे आली.

"तू नको, बाळा," मास्तर म्हणाले. "तुझ्याकडून मला रोज मिळतं." त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खुर्चीच्या दांड्याला धरून उठले. दारातून बाहेर पडताना ते मागे वळून काही म्हणतील असं ताईला वाटलं. ते म्हणाले नाहीत.

भिंगरी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. दार लागल्यावर ती आईसमोर, आजोबा बसले होते त्याच खुर्चीत बसली. आज ती हसत नव्हती. "आई," ती म्हणाली, "बुधवारी मी तिसऱ्यांदा नापास झाले तर?"

ताईने तिच्याकडे बघितलं. आपल्याला काय विचारलं जातंय हे तिला चांगलं कळलं. अठरा वर्षांत पोरीने हे पहिल्यांदा तिच्याकडे मागितलं होतं, आजोबांकडे नाही. ताईने तोंड उघडलं.

"आरशात नीट बघितलंस," ती म्हणाली, "तर नापास कशाला होशील?"

भिंगरीने मान हलवली. रागावली नाही, नुसती "बरं" म्हणाली आणि कागद घेऊन आजोबांना गाठायला निघून गेली.

साडेनऊला एक शिंपीदादा आला. गेल्या गुरुवारी त्याने सराव चाचणीत दोन सिग्नल तोडले होते आणि तो खाली मान घालून आपला कागद घ्यायला आला होता. ताईने त्याला बसवलं, पाणी दिलं. पेन उचललं आणि शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, "काही बिघडत नाही. परत सुरू करा." अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं, हात जरासुद्धा हलला नाही.

शिंप्याने वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. "ताई," तो म्हणाला, "तुमच्या मुलीचं नशीब केवढं!"